नवा लॅपटॉप, वेग ०.३९ : एका केसची पूर्ण हकीकत

ही केस माझ्या भाचीच्या लॅपटॉपची आहे. ती पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवर राहते, दाजींनी कराडमधून नवा लॅपटॉप घेऊन दिला आणि पुण्यात गेल्यागेल्या तो असा काही स्लो झाला की टाइप केलेलं अक्षर स्क्रीनवर उमटायला वेळ लागायचा, गूगल मीटवर सरांचा आवाज तुटायचा, स्टार्ट मेनू दाबला की रांगत वर यायचा. लॅपटॉप काही साधा नाही, इंटेल कोअर आय५-१२३५यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, विंडोज ११. कॉलेजच्या कामाला हे पुरून उरायला पाहिजे. मी कराडमध्येच कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे अशा केसेस रोज येतात, पण ही सविस्तर लिहितोय कारण यात जे घडलं ते खूप घरांत घडतं आणि लोक भलत्याच ठिकाणी पैसे घालून मोकळे होतात.

माझ्यापर्यंत येईतो घरात दोन निकाल लागून गेले होते. दुकानदाराने फोनवर सांगितलेलं की विंडोज ११ जडच असतं, ८ जीबीत भागत नाही, रॅम वाढवा. आणि भाचीच्या वर्गातल्या एकाने सांगितलं की फॉरमॅट मार, सगळं सुटसुटीत होईल. दाजी तापलेले, त्यांचं म्हणणं पीस खराब निघालाय, बदलून घेऊ, एवढे पैसे घालून पोरीला त्रासच. ताईचं म्हणणं, "तू एकदा बघ आणि मग काय ते ठरवा." भाची म्हणाली, "मामा, सबमिशन आहे, फॉरमॅट मारू का नको तेवढं सांग फक्त." मी म्हटलं थांब, काहीही करू नकोस, आधी बघू तरी अडतंय कुठे.

आता एक गोष्ट आधी मान्य करायला पाहिजे. नवा लॅपटॉप पहिले एक-दोन दिवस स्लो वाटणं यात काही विशेष नाही. चालू केल्यावर विंडोजचे साठलेले अपडेट उतरत असतात, ड्रायव्हर येत असतात, सर्चसाठी सगळ्या फाइलींचं इंडेक्सिंग चालू असतं, डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, स्कॅन करत असतो, वनड्राइव्ह डेस्कटॉपवरच्या फाइली वर चढवत असतो, आणि हे सगळं एकाच वेळी. अशा वेळी चार्जर लावून, नेट चालू ठेवून लॅपटॉप रात्रभर तसाच सोडला की बरंचसं आपोआप शांत होतं. पण इथे ते पहिले दिवस कधीच उलटून गेले होते, आणि मुख्य म्हणजे ते पहिले दिवस कराडला घरी गेले होते आणि तेव्हा लॅपटॉप मस्त चालत होता. म्हणजे उलटी गोष्ट, जेव्हा स्लो असायला पाहिजे तेव्हा फास्ट आणि सगळं स्थिरस्थावर झाल्यावर स्लो.

म्हणून मी तिला विचारलं की कराडहून पुण्याला गेल्यावर काय काय बदललं ते सांग. तिने सांगितलं, होस्टेलचं वायफाय, कॉलेजने टाकायला लावलेली सॉफ्टवेअरं, आणि त्याच आठवड्यात विंडोजचा एक मोठा अपडेट आला होता. अपडेटवर घरात सगळ्यांचा संशय होता. मायक्रोसॉफ्टचे सिक्युरिटी अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, अमेरिकेच्या वेळेनुसार, म्हणजे आपल्याकडे रात्री किंवा बुधवारी, त्यामुळे कुठल्याही महिन्यात काहीही बिघडलं की आसपास एखादा अपडेट सापडतोच. तेवढ्यावरून अपडेटला दोषी धरता येत नाही.

वायफायचा प्रश्न पटकन सुटला. वायफाय बंद करायला लावलं आणि कॅल्क्युलेटर उघडायला सांगितला. कॅल्क्युलेटरला नेट लागत नाही, रॅम लागते ती किरकोळ, आणि तरी तो उघडायला त्याने एवढा वेळ घेतला की भाचीला वाटलं क्लिकच झालं नाही, तिने परत दाबलं आणि मग दोन कॅल्क्युलेटर आले. म्हणजे नेटचा विषय संपला.

मग टास्क मॅनेजर, म्हणजे आत्ता काय काय चालू आहे आणि कशावर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की थेट उघडतो. पहिला स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर आला तो असा: मेमरी ८० टक्क्यांच्या वर, डिस्क एक-दोन टक्के, सीपीयू म्हणजे प्रोसेसर तीसच्या आसपास. कोणीही हे बघितलं तर म्हणणार की बघा, रॅमच भरलीय, दुकानदार बरोबर बोलत होता. मलाही रॅम आधी साफ करणं गरजेचं वाटलं, कारण ती गर्दी खरीच होती. फॅक्टरीतून आलेला ट्रायल अँटिव्हायरस, वर कोणीतरी टाकून दिलेला दुसरा फुकटचा अँटिव्हायरस, कंपनीचे स्वतःचे तीन-चार मदतनीस प्रोग्राम, टीम्स, वनड्राइव्ह, आणि क्रोम स्वतः बंद केल्यावरही मागे चालू राहणारा. दोन्ही अँटिव्हायरस काढायला लावले, आधी सेटिंग्जमधल्या ॲप्समधून, मग रिस्टार्ट, मग विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर पुन्हा चालू झाला का ते बघितलं. हे शेवटचं लोक विसरतात. बाहेरचा अँटिव्हायरस असला की डिफेंडर मागे सरतो, तो काढल्यावर परत पुढे येतो, पण आला की नाही ते डोळ्याने बघावं. मग टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप ॲप्समधून नको ते सगळं डिसेबल. डिस्कचा आकडा एक-दोन टक्केच होता म्हणजे एसएसडीवर काही ताण नव्हता. जुन्या हार्डडिस्कवाल्या लॅपटॉपमध्ये तोच आकडा १०० वर चिकटून बसायचा आणि तिथेच केस संपायची, इथे तसं काही नाही.

एवढं करून मेमरी निम्म्याच्या आसपास आली. आणि लॅपटॉप? होता तसाच. कॅल्क्युलेटर तसाच रांगत.

मला या केसमध्ये सगळ्यात महत्त्वाची वाटलेली जागा हीच. रॅम रिकामी झाली आणि वेगात काडीचा फरक पडला नाही, म्हणजे रॅम हे कारण नव्हतंच. याच जागी जर दाजींनी दुकानदाराचं ऐकून आणखी ८ जीबीची स्टिक बसवली असती तर पैसेही गेले असते आणि लॅपटॉप १६ जीबी घेऊन त्याच गतीने रांगत बसला असता. फॉरमॅट मारला असता तरी तेच, वर सबमिशनच्या फाइली गेल्या असत्या त्या वेगळ्या.

मग मी तिला एक साधं विचारलं, "पंख्याचा आवाज येतो का गं? हात लावून बघ बरं खालून, गरम आहे का?"

"नाही ना मामा. गारच आहे एकदम. पंखा तर कधी ऐकूच येत नाही, मैत्रिणींचे लॅपटॉप घूं घूं करतात, माझा एकदम शांत, मला वाटलं नवा आहे म्हणून चांगलंय."

इथे माझं लक्ष गेलं. स्लो लॅपटॉप सहसा गरम असतो. एक तर मागे काहीतरी चालू असतं आणि प्रोसेसर राबत असतो, नाहीतर हवा अडलेली असते, म्हणजे गादीवर ठेवून वापरला, जाळीत धूळ बसली, आणि तापमान वाढल्यामुळे प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. दोन्हीत पंखा ओरडतो. पण लॅपटॉप स्लो आहे आणि तरी गार आहे, पंखा गप्प आहे, याचा अर्थ प्रोसेसरला कोणी काम करूच देत नाहीये. खंबाटकी उतरून सपाट हायवेला लागल्यावरही एसटीच्या ड्रायव्हरने पहिलाच गिअर धरून ठेवावा तसं काहीतरी.

तिला टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबवर नेलं, तिथे सीपीयूवर क्लिक करायला सांगितलं आणि आलेखाच्या खाली स्पीड म्हणून जो आकडा असतो तो वाच म्हटलं.

"पॉइंट थ्री नाइन."

"आता क्रोम उघड, चार-पाच टॅब उघड, यूट्यूब लाव, आणि आकडा बघत राहा."

"पॉइंट थ्री नाइनच आहे मामा. हलतच नाहीये."

या प्रोसेसरमध्ये १० कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग आहेत, दोन जोरदार आणि आठ काटकसरीचे, मिळून १२ थ्रेड, म्हणजे एका वेळी बारा कामं हाताळायची सोय. जोरदार कोअरचा बेस वेग १.३ गिगाहर्ट्झ आणि कमाल ४.४. काम नसताना आकडा खाली येतो आणि क्लिक केलं की झटकन दोन-तीनच्या वर जातो, सारखा नाचत राहतो, तो नाचला पाहिजेच. इथे तो ०.३९ वर खिळा ठोकल्यासारखा. हा ०.३९ कुठून आला तेही सांगतो. इंटेलच्या प्रोसेसरचा मूळ ठेका साधारण १०० मेगाहर्ट्झचा असतो आणि त्याला गुणक लावून वेग ठरतो, या प्रोसेसरला खालचा गुणक चार, म्हणजे ४०० मेगाहर्ट्झ, आणि ठेका शंभराला किंचित कमी पडतो म्हणून स्क्रीनवर ०.३९ दिसतो. काही मॉडेलवर हाच प्रकार ०.७९ दाखवतो, तिथे गुणक आठ असतो. हे दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. यांपैकी एकावर वेग अडकलेला दिसला आणि काम टाकूनही हलला नाही तर सॉफ्टवेअरची साफसफाई करत बसण्यात अर्थ नाही.

आणि तो सीपीयू तीस टक्क्यांचा आकडा, त्याने सगळ्यांची दिशाभूल केली. तीस टक्के म्हणजे सत्तर टक्के मोकळा, असंच कोणीही समजणार. पण टास्क मॅनेजर तो आकडा काढताना नुसता प्रोसेसर किती वेळ गुंतला होता एवढं बघत नव्हता, कुठल्या वेगाने चालला होता तेही हिशोबात धरत होता, बेस वेगाच्या तुलनेत. १.३ च्या जागी ०.३९ ने पळणारा प्रोसेसर जीव तोडून काम करत असला तरी आकडा तीसच्या वर जाणार नाही, भागून बघा. म्हणजे ते तीस टक्के प्रत्यक्षात पूर्ण भरलेले होते. अलीकडच्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने हा हिशोब बदलत आणलाय, पण कुठलंही व्हर्जन असलं तरी टक्केवारी एकटी बघू नये, शेजारी स्पीडचा आकडा बघावाच.

आता वेग कोणी अडवलाय ते शोधायचं. आधी सोपं बघितलं, सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे पॉवर, पॉवर मोड. तो बेस्ट परफॉर्मन्सवर टाकला. फरक नाही. जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट असतो, कोणीतरी बॅटरी वाचवायच्या नादात तो कमी करून ठेवतं, तोही १०० होता. म्हणजे विंडोज अडवत नव्हतं.

"चार्जर लावलेलाच आहे का आत्ता?"

"हो, लावूनच वापरावा लागतो, बॅटरी चार्जच होत नाहीये ना."

ही गोष्ट तोपर्यंत कोणी कोणाला सांगितलीच नव्हती, कारण तक्रार होती स्लोची, बॅटरीची नव्हती. बॅटरी चौतीस टक्क्यांवर अडकलेली आणि कोपऱ्यात प्लग्ड इन दिसतंय म्हटल्यावर मैत्रिणींनी समजूत काढलेली की नव्या लॅपटॉपमध्ये बॅटरी जपायची सेटिंग असते, म्हणून तो पूर्ण चार्ज करत नाही. सेटिंग असते हे खरं, पण ती ऐंशीच्या आसपास थांबवते, चौतीसवर नाही.

म्हटलं, स्पीडचा आकडा समोर ठेव आणि चार्जरची पिन लॅपटॉपमधून काढ.

दोन-तीन सेकंद गेले असतील, आणि पलीकडून एकदम ओरडलीच ती, "मामा! टू पॉइंट नाइन! थ्री पॉइंट सिक्स!" आणि लगेच मागून पंख्याचा आवाज, फोनवरसुद्धा ऐकू आला. चार्जर परत लाव म्हटलं. आकडा घसरला, ०.३९. काढ. वर. लाव. खाली. एवढं स्पष्ट असताना आणखी काही सिद्ध करायचं राहत नाही, पण लेखी पुरावा हवा म्हणून इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडायला लावला. विंडोज लॉग्ज, सिस्टिम, आणि तिथे कर्नल-प्रोसेसर-पॉवर या नावाने पिवळ्या त्रिकोणाच्या नोंदींची रांग, इव्हेंट आयडी ३७, एका वेळी बारा, कारण थ्रेड बारा आणि प्रत्येकाची वेगळी नोंद. त्यात इंग्रजीत लिहिलेलं असतं की या प्रोसेसरचा वेग सिस्टिम फर्मवेअरने मर्यादित केलाय आणि इतक्या सेकंदांपासून तो असाच आहे. फर्मवेअरने, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामने, विंडोजने नाही. सर्व्हिस सेंटरला जायची वेळ आली तर याच नोंदीचा फोटो दाखवावा, "स्लो चालतो हो" म्हणून सांगण्यापेक्षा हे लगेच कळतं.

"चालू करताना काळ्या स्क्रीनवर काही येतं का गं?"

"येतं ना काहीतरी इंग्लिशमध्ये, मी एंटर मारते मग विंडोज येतं."

ते काहीतरी काय होतं त्याचा फोटो मागवला. साफ लिहिलं होतं की ॲडाप्टर कोणत्या प्रकारचा आणि किती वॉटचा आहे ते ओळखता येत नाही, बॅटरी चार्ज होणार नाही, उपलब्ध पॉवरप्रमाणे सिस्टिमचा वेग कमी केला जाईल. सगळं निदान पुण्यातल्या पहिल्या दिवसापासून स्क्रीनवर येत होतं. पोरीला दोष द्यायचं कारण नाही, चालू होतानाचे असले मेसेज एंटर मारून पुढे ढकलायचे हे आपण सगळेच शिकलोय. माझा राग कंपनीवर आहे. एवढी मोठी गोष्ट तुम्ही फक्त चालू होतानाच्या काळ्या स्क्रीनवर सांगता, आणि एकदा विंडोज आलं की कुठेही ठळक काही नाही? लॅपटॉपचा वेग दहाव्या हिश्श्यापेक्षा खाली आणताय तर स्क्रीनवर कायम राहील अशी साध्या भाषेतली एक पट्टी दाखवा की चार्जर ओळखला नाही म्हणून वेग कमी केलाय. एका ओळीने कितीतरी लोकांचे रॅमचे आणि फॉरमॅटचे पैसे वाचतील.

मग चार्जरचा फोटो. बघताक्षणी कळलं की हा डब्यातला नाही. कराडहून काय काय बदललं याच्या यादीत चार्जर कोणी धरलाच नव्हता, कारण घरच्यांच्या लेखी चार्जर म्हणजे नुसती वायर. झालं असं होतं की दाजींनी हौसेने दुसरा चार्जर घेतलेला, एक घरी राहील, एक होस्टेलवर, म्हणजे पोरीला सुट्टीला येताना ओझं नको. डब्यातला घरी ठेवला आणि बाजारातून घेतलेला कंपॅटिबल तिच्याबरोबर दिला. दुकानात पिन लावून बघितली, बरोबर बसली, लाइट लागला, झालं. लेबलसुद्धा तंतोतंत, १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर, म्हणजे ६५ वॉट. पिन ४.५ बाय ३ मिलिमीटरची, तीच.

फरक पिनच्या आत होता. या गोल पिनमध्ये मधोमध एक सुईसारखी बारीक पिन असते, नीट बघितली तर दिसते. तिच्यातून करंट येत नाही, तिच्यातून ओळख येते. काही कंपन्या चार्जरमध्ये छोटी मेमरी चिप बसवतात आणि लॅपटॉप तिला विचारतो की तू कोण, किती वॉटचा. काही कंपन्या ठरावीक रेझिस्टरवरून तेच ओळखतात. उत्तर आलं नाही, किंवा चुकीचं आलं, तर लॅपटॉप समजतो की हा चार्जर किती भार झेपवेल ते माहीत नाही. ४५ वॉटच्या चार्जरमधून ६५ वॉट ओढले तर तो तापेल, वितळेल, काहीही होऊ शकतं. म्हणून लॅपटॉप दोन गोष्टी करतो, बॅटरी चार्ज करणं बंद, आणि प्रोसेसरला प्रोचॉट नावाचा सिग्नल. हा सिग्नल मुळात प्रोसेसर तापल्याचा आहे, पण तो बाहेरून मदरबोर्डलाही देता येतो, आणि तो मिळाला की प्रोसेसर निमूटपणे ४०० मेगाहर्ट्झवर येऊन बसतो. चार्जर काढला की लॅपटॉप बॅटरीवर येतो, बॅटरी त्याच्या ओळखीची, सिग्नल सुटतो, वेग परत. म्हणून कराडला फास्ट आणि पुण्यात स्लो. सुरुवातीला वर्गात बॅटरीवर चालायचा तेव्हाही तो ठीकच असायचा, तिच्याही लक्षात आलेलं, पण तिला वाटलं कॉलेजचं नेट चांगलं. नंतर चार्जिंगच होईना म्हणून चार्जर न लावता वापरणंच तिने बंद केलं आणि मग तो कायमचाच स्लो झाला.

सुरक्षेसाठी वेग कमी करणं मला योग्य वाटतं, माझी तक्रार फक्त न सांगता करण्याबद्दल आहे. म्हणूनच पुढचा जो उपाय तिच्या वर्गातल्या त्याच मुलाने सुचवला त्याला मी ठाम नाही म्हटलं. थ्रॉटलस्टॉप नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात बीडी प्रोचॉट म्हणून एक टिक असते, ती काढली की प्रोसेसर तो बाहेरचा सिग्नल ऐकायचं सोडतो आणि वेग परत येतो. चालतं ते, खोटं नाही. तपासणीपुरतं जाणकार माणसाने वापरलं तर समजू शकतो. पण अनोळखी चार्जर लावून, होस्टेलच्या खोलीत, एकाच एक्स्टेंशन बोर्डवर चौघींचे चार्जर, त्यात हा लॅपटॉप रात्रभर पूर्ण ताकदीने वीज ओढत ठेवायचा, हे माझ्या भाचीच्या खोलीत नको आणि दुसऱ्या कोणाच्याही नको. शिवाय त्याने बॅटरी चार्ज होत नाही ती नाहीच.

खरा चार्जर कराडच्या कपाटात होता. दाजींनी दुसऱ्या दिवशी पुण्याला निघालेल्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला, तिने स्वारगेटला जाऊन घेतला. तोवर सबमिशनचं काम कंपॅटिबल लावूनच ढकललं आणि जिथे अगदीच अडेल तिथे पिन काढून, चौतीस टक्के पुरवून पुरवून. मूळ चार्जर लावल्यावर चालू होतानाचा मेसेज आला नाही, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, ॲडाप्टरच्या पुढे ६५ वॉट दिसायला लागलं, बॅटरी चढायला लागली, स्पीडचा आकडा नाचायला लागला. इव्हेंट ३७ च्या नव्या नोंदी थांबल्या, हेही बघून घेतलं, कारण नुसतं "आता बरा वाटतोय" यावर केस बंद करायची नसते.

समजा मूळ चार्जरनेही तोच मेसेज आला असता तर? मग आधी ती मधली सुई बघायची, वाकली किंवा आत गेली असली तर चार्जर वॉरंटीत बदलून मिळतो. त्याच मॉडेलचा दुसरा ओरिजिनल चार्जर लावून बघायचा. त्यानेही ओळखला नाही तर दोष लॅपटॉपच्या चार्जिंग सॉकेटमध्ये किंवा बोर्डात, आणि नवा लॅपटॉप असेल तर स्वतः न उघडता सरळ सर्व्हिस सेंटर. आणि ओरिजिनल चार्जर ओळखला जातोय, बॅटरीवरही आकडा खालीच खिळलेला आहे, तर प्रश्न वेगळा, तापमान दाखवणारा एखादा सेन्सर किंवा बायोसचा घोळ, तिथे कंपनीच्या साइटवरून बायोस अपडेट ही पहिली पायरी, तीही चार्जर लावून आणि बॅटरी पुरेशी भरलेली असताना.

रॅमचा मुद्दा दाजींनी परत काढला, घालायची का मग? टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत ते दिसतं, हिच्यात दोनपैकी एक भरलेला. म्हणजे वाढवायला जागा आहे, आणि दोन सारख्या स्टिक असल्या की मेमरी ड्युअल चॅनलमध्ये चालते, या प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सला त्याचा फायदाही होतो. पण आत्ता तिचं काम व्हीएस कोड, मायएसक्यूएल आणि ब्राउझर एवढ्यात चाललंय, मेमरी सत्तरच्या पुढे क्वचित जाते, तर आत्ता गरज नाही. पुढे अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचा एम्युलेटर सुरू झाला की १६ जीबी लागेलच, तेव्हा बघू, आणि तेव्हा वॉरंटीच्या अटी वाचून.

राहिला तो दुसरा चार्जर. दाजींची कल्पना चांगलीच होती, घरी एक तिकडे एक, ती सोडायचं कारण नाही. मी सुचवलं की टाइप-सी चालतो का बघू, पण या लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून फक्त डेटा जातो, चार्जिंग घेत नाही, मॅन्युअलमध्ये तसं दिलंय. ज्यांचा घेतो त्यांनी पॉवर डिलिव्हरी (पीडी) लिहिलेला, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर देणारा ६५ वॉटचा चार्जर घ्यावा, आणि मोबाइलच्या चार्जरवर ६७ वॉट छापलंय म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये; तो आकडा बऱ्याचदा त्या कंपनीच्या स्वतःच्या फोनपुरता असतो, लॅपटॉपला त्यातून फार कमी मिळतं, मागच्या बारीक अक्षरांत पीडीच्या ओळीत काय लिहिलंय ते वाचावं. आपल्यासाठी मग ओरिजिनल चार्जरच्या लेबलवरचा पार्ट नंबर दाजींना फोटो काढून दिला आणि तोच नंबर सांगून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून मागवायला सांगितलं. बाजारातल्यापेक्षा महाग पडला. घेताना लॅपटॉप बरोबर न्या म्हटलं, तिथेच लावून बंद-चालू करा, मेसेज येत नाही ना आणि बॅटरी चढतेय ना एवढं बघा, मगच पैसे द्या. दिवाळीच्या सुट्टीत भाची लॅपटॉप घेऊन आली तेव्हा दोघे जाऊन तसंच करून घेऊन आले, आणि कंपॅटिबल चार्जर पुन्हा कोणाच्या हाती लागू नये म्हणून दाजींनी त्याची वायर कापून टाकली.